झोळीची गाठ

साडेआठच्या एसटीनं समता सिस्टर धामणखुर्दच्या फाट्यावर उतरायची, रस्ता ओलांडायची आणि प्रेमला हॉस्पिटलात मागच्या दारानं शिरायची. पुढच्या दाराशी पाहण्यासारखं पुष्कळ होतं. छतावर सौर पाट्या, पावसाचं पाणी साठवायची टाकी, 'झाडे लावा, आरोग्य जगवा' असं रंगवलेली भिंत, आणि मालक डॉक्टर आल्हाद रोप लावताहेत असा हा एवढा मोठा फोटो. मागच्या दाराशी कचऱ्याची खोली होती. अकरा वर्षं समता इथं परिचारिका होती, आणि मागची चार वर्षं कचऱ्याच्या नोंदवह्या तिच्याच गळ्यात पडल्या होत्या. वरवट बकालहून डबा घेऊन निघालेली बाई आधी त्या खोलीचं कुलूप उघडायची, मग चहा घ्यायची.

दवाखान्याच्या कचऱ्याचे चार रंग असतात. रक्ताचे बोळे, पट्ट्या, बाळामागून पडणारी वार, हे पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, बाटल्या, हातमोजे लाल पिशवीत. काच निळ्या डब्यात आणि सुया जाड पांढऱ्या डब्यात. पिशवी पाऊण भरली की तोंड बांधायचं, वजन करायचं, चिठ्ठी लावायची, आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आत कंपनीची गाडी येऊन घेऊन जाणार. पिवळं जाळतात, बाकीचं शुद्ध करून पुन्हा वापरात आणतात. भिंतीवरचा तक्ता हे सगळं ठळक अक्षरांत सांगत होता. तक्त्याच्या बापाचं काय जातं सांगायला!

खरी गोष्ट अशी, की गाडी महिन्यातून दोनदा यायची. मधल्या दिवसांतल्या पिवळ्या पिशव्या माळी रंगराव हातगाडीवर घालून मागच्या कोपऱ्यात न्यायचा. तिथं दवाखाना बांधताना खणलेला एक खड्डा होता. खड्डा भरत आला की वर माती, मातीवर रोपं. त्या जागेला डॉक्टरांनी 'औषधी वनस्पती उद्यान' नाव दिलं होतं. तुळस, अडुळसा, कोरफड, प्रत्येकापुढे पाटी. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच.

आणि या सगळ्यात एकटी जनकाबाई नेमानं काम करायची. एकोणीस वर्षं ती दवाखान्यातला कचरा उचलत होती. अंगठा उठवणारी बाई, पण चार रंगांत तिची कधी चूक झाली नाही. पिवळ्या पिशवीला ती चिकटपट्टी लावत नसे. मानेला पीळ द्यायची, मान दुमडायची, जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी दोन वेढे फिरवायची आणि टोक आतल्या बाजूला खोचायची. बाळाच्या झोळीला बायका बांधतात ती गाठ. कितीही ओढा, सुटायची नाही, आणि टोक सापडलं की एका झटक्यात मोकळी. आणि वार असलेली पिशवी असली तर बांधायच्या आधी कमरेच्या पिशवीतून चिमूटभर हळद काढून आत टाकायची.

"मावशी, हे कायले वो?" समतानं एकदा हसून विचारलं होतं. "बाबासाहेबांचा फोटो हाय ना घरात? मग हे हळदीचं काय मधात?"

"अवो बाई, थे देवासाठी नाई," जनकाबाई म्हणाली. "नऊ महिने लेकराले जेवू घातलं तिनं. आता तिले कचऱ्यावानी तशीच फेकाची? काही तं रीत पायजे मानसाले."

तक्त्यावर हळदीचा रकाना नव्हता, पण मनातून समताला ते पटलं होतं.

मागल्या वर्षी सतरा ऑक्टोबरला अकरा वाजता जनकाबाईच्या अंगठ्यात सुई घुसली. पिवळ्या पिशवीत सुई असायचं कारणच नव्हतं. पण डॉक्टर आल्हादांनी घाईघाईत टाके घातले होते आणि सुई बोळ्यांसकट पिवळ्यात भिरकावली होती. जाड हातमोजे 'पुढच्या महिन्यात' येणार होते, ते तीन वर्षं पुढच्याच महिन्यात होते. जनकाबाईनं सुई उपसली, अंगठा पदरात दाबला आणि समताकडे आली.

समतानं नोंदवही उघडली. सुई टोचली की नाव, वेळ, कुठल्या रोग्याची सुई, सगळं लिहायचं असतं. रक्त तपासायचं असतं, लस आणि औषधं द्यायची असतात. समतानं जुन्या सहा नोंदींखाली अनुक्रमांक सात लिहिला, तारीख लिहिली, तेवढ्यात डॉक्टर दारात आले.

"लिहू नका, सिस्टर. उगाच कागद वाढतो," ते म्हणाले. "स्पिरिट लावा, होईल बरं. हरित रुग्णालयाच्या मानांकनासाठीच्या अर्जात सुई टोचल्याच्या घटना विचारल्यात. आपण शून्य लिहिलंय."

आणि समतानं लिहिलं नाही. आज ना उद्या भरू म्हणून सातव्या क्रमांकापुढची ओळ कोरी ठेवली. उद्या कसला येतो! जनकाबाईला लसही मिळाली नाही, कारण ती ठेकेदाराची माणूस, दवाखान्याची नव्हेच म्हणे. एकोणीस वर्षं दवाखान्याचं रक्त उचलायला तेवढी दवाखान्याची.

जानेवारीत तिचे डोळे पिवळे झाले. आधी गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याकडे गेली, मग जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात. तिथं विचारलं, सुई टोचल्याची नोंद आहे का? प्रेमला हॉस्पिटलाला फोन गेला, इकडून उत्तर गेलं, नाही. अकराव्या दिवशी जनकाबाई गेली. शेवटी शेवटी तिची नखंसुद्धा पिवळी झाली होती, असं तिची लेक करिष्मा सांगत होती.

करिष्मा चोवीस वर्षांची. भरपाईसाठी तिनं अर्ज केला, उत्तर आलं, पुरावा जोडा. फेब्रुवारीत ठेकेदारानं तिलाच आईच्या जागी लावलं. पहिल्याच दिवशी ती समतापुढे येऊन उभी राहिली.

"सिस्टर, मायले सुई लागली तवा तुमी होत्या ना तिथं?"

"हाव."

"मंग लिवलं काऊन नाई?"

करिष्मा झाडू घेऊन गेली. तिच्याही हातात मोजे नव्हते, तिलाही लस नव्हती, आणि हे समताला रोज साडेआठला दिसत होतं. मेलेली बाई परत येणार नव्हती. पण तिची नोंद झाली असती तर तिच्या मरणाला कारण मिळालं असतं, आणि कारण मिळालं असतं तर या पोरीला लस देणं भाग पडलं असतं. एक ओळ. सगळं त्या एका ओळीवर अडलं होतं आणि ती ओळ समतानं कोरी सोडली होती. रात्री जेवताना तिला स्वतःचाच राग यायचा.

गाठी दिसायला लागल्या त्या मार्चमध्ये.

एका सकाळी खोली उघडली तर चार पिवळ्या पिशव्या भिंतीशी ओळीनं मांडलेल्या, माना दुमडलेल्या, लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं बांधलेल्या. समताला वाटलं, पोरीनं आईचं उचललं. तिनं कौतुक केलं.

"म्या नाई बांधल्या," करिष्मा म्हणाली. "मले थे गाठ येतच नाई. मायनं लय खेपा शिकवली, मले जमलीच नाई."

मग रंगराव असेल. रंगरावला विचारलं तर त्यानं दोन्ही कान धरले. समतानं तो विषय तिथंच सोडला. तिचे वडील शाळामास्तर होते. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की ते घरातून थर्मामीटर घेऊन निघायचे. अशा घरातल्या पोरीनं गाठीला घाबरायचं म्हणजे शोभत नव्हतं.

पण दुसऱ्या आठवड्यातही तसंच, तिसऱ्यातही. म्हणून तिनं रीतसर परीक्षा घ्यायची ठरवली. संध्याकाळी पाच वाजता पिशव्यांमध्ये मुद्दाम घोळ करून ठेवला. पिवळ्यात सलाईनची नळी, लालमध्ये रक्ताची पट्टी, आणि एक नवी कोरी सुई, टोपण लावलेली, बोळ्यांच्या आत खोल. खोलीला दार एकच, खिडकीला लोखंडी जाळी. कुलूप लावलं, कुलपावर कागदी पट्टी चिकटवली, पट्टीवर सही केली आणि किल्ली डब्याच्या पिशवीत टाकून साडेपाचची एसटी धरली.

सकाळी पट्टी जशीच्या तशी होती. सहीतला तिचा 'स' सुद्धा फाटला नव्हता.

आत नळी लालमध्ये होती, पट्टी पिवळ्यात होती. सुई पांढऱ्या डब्यात, टोपणासकट. पिशव्यांना झोळीची गाठ. आणि त्या फिनेल मारलेल्या, कुबट खोलीत ओल्या हळदीचा वास दाटला होता, लग्नघरात असतो तसा.

समतानं वजनं घेतली, चिठ्ठ्या लावल्या आणि चहा प्यायला गेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय, की आमच्याकडं कोणीतरी फुकट काम करतं आणि ते आमच्यापेक्षा बरं करतं?

जूनमध्ये औषधी उद्यानात हळद उगवली.

तुळशीच्या मागे, बरोबर खड्ड्यावर, हिरवे कोंब ओळीनं वर आले. रंगरावनं आधी कर्दळ समजून सोडून दिलं. पानं मोठी झाली, एक पान चुरगाळलं, आणि तो तसाच समताकडं आला.

"सिस्टर, तुमी लावली का हळद?"

"मी कायले लावू?"

"मंग कोनं लावली? म्या तं एक कंद नाई टाकला. आन् तिथली माती सकाळी गरम लागते, सिस्टर. चुलीखालची असते ना, तशी."

समता जाऊन पाहून आली. सतरा रोपं होती. त्या खड्ड्यात हळद गेली होती हे खरं, पण ती दुकानातली, दळलेली, चिमूट चिमूट. दळलेली हळद उगवते का कधी? वाण्याच्या डब्यातली साखर पेरली म्हणून ऊस येत नाही. समतानं हे स्वतःला दोनदा सांगितलं आणि हात धुतले. बोटांना लागलेला पिवळा डाग तीन दिवस राहिला.

डॉक्टरांनी हळद उपटायला लावली, कारण उद्यानाच्या नकाशात ती नव्हती. रंगरावनं उपटली. पंधरा दिवसांत पुन्हा सतरा. पुन्हा उपटली, पुन्हा आली, आधीपेक्षा उंच. तिसऱ्या खेपेला रंगराव कुदळ ठेवून म्हणाला, मले कामावरून काढा, पन मी आता हात लावनार नाई. मग डॉक्टरांनी काय केलं असेल? त्यांनी पाटी करून घेतली. 'हळद. जखम भरून काढते.' आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगू लागले, ही आम्ही मुद्दाम सेंद्रिय पद्धतीनं लावली. लाज म्हणून काही असते की नाही माणसाला!

डिसेंबरात हरित रुग्णालयाची समिती येणार असल्याचं पत्र आलं. आदल्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी समताला खोलीत बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. त्यावर छापलं होतं, की गेल्या दोन वर्षांत या रुग्णालयात सुई टोचल्याची एकही घटना घडलेली नाही आणि सर्व पिवळा कचरा अधिकृत गाडीनेच गेला आहे. खाली समताचं नाव, सहीची जागा.

"सर, आधी करिष्माला लस द्या," समता म्हणाली.

"सिस्टर, ती ठेकेदाराची माणूस आहे."

"तिची आई पण ठेकेदाराचीच होती. आणि सुई? सुई कोणाची होती, सर?"

डॉक्टरांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. आवाज चढवला नाही त्यांनी, तो माणूस आवाज चढवणाऱ्यातला नव्हता. "उद्या अकराला समितीच्या मॅडम येतील. त्याआधी सही झालेली हवी. नाहीतर परवापासून येऊ नका. तुमची मुलगी बारावीला आहे ना?"

समता कागद घेऊन बाहेर आली. डोकं तडतडत होतं तिचं. पोरीचं नाव काढतो! स्वतःच्या हातानं एका बाईला मारलं आणि वर आमच्या पोरीबाळींची चौकशी. पण रागानं फी भरता येत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिनं नोंदवही कपाटातून काढली, सातवी ओळ पाहिली. कोरी होती. वही पुन्हा कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. सही तिनं तेव्हाही केली नाही.

दुसऱ्या दिवशी समिती अकराला पोचली. प्रमुख निवेदिता मॅडम, पन्नाशीच्या, सुती साडी, पायात साध्या चपला, आणि बरोबर दोघं वही घेऊन. सौर पाट्या पाहून झाल्या, टाकी पाहून झाली. कागद अजून समताच्या एप्रनच्या खिशात, घडी घातलेला. डॉक्टर दोनदा तिच्याकडं पाहून गेले. मग सगळे उद्यानात आले.

"हळद छान आलीय," मॅडम म्हणाल्या.

"आमची खास लागवड," डॉक्टर म्हणाले. "काढून दाखवतो ना! रंगराव—"

रंगराव हलला नाही. तो कुंपणापाशी हाताची घडी घालून उभा होता.

"माती धरायला लाजतात ही माणसं," डॉक्टर हसले. त्यांनी बाही सरकवली, वाकले, मधलं रोप बुडाशी धरलं आणि ओढलं.

ते सहज आलं नाही. दोन्ही हातांनी ओढावं लागलं. मातीत कशानं तरी आतून धरून ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि मग एकदम सुटलं.

कंद मोठा होता. त्याला पाच बोटं होती.

हळदीच्या कंदाला बोटं असतातच, त्यात नवल नाही. पण ही चार लांब होती, पाचवं आखूड आणि जाड, बाजूला वळलेलं. माती झटकायला डॉक्टरांनी तेच आखूड बोट अंगठ्यानं चोळलं.

"आई गं!"

त्यांनी हात मागे घेतला. उजव्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब जमला होता. कंदाच्या आखूड बोटातून टाके घालायची वाकडी सुई बाहेर आली होती, गंजलेली. कंद तिच्याभोवती वाढला होता.

मॅडम खड्ड्यात पाहत होत्या. रोप निघालं तिथं मातीत पिवळं प्लास्टिक दिसत होतं. त्याची मान दुमडलेली होती आणि तिला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली होती. चिंधी नवी होती, धुतलेली, कोरडी.

"हे काय आहे, डॉक्टर?"

"काही नाही, जुनं... बांधकामाच्या वेळचं..."

"सिस्टर," मॅडम समताकडं वळल्या, "यांना सुई टोचलीय. तुमची नोंदवही कुठे आहे?"

समतानं साखळीतली किल्ली काढली. सगळे तिच्या मागोमाग आत आले. कपाट उघडलं, वही टेबलावर ठेवली, पान काढलं.

सातवी ओळ कोरी नव्हती.

नावाच्या रकान्यात एक अंगठा उठवलेला होता. शाईचा नव्हे. पिवळा, ओला, बोटाच्या सगळ्या रेषा दाखवणारा. मधोमध कागदाला बारीक भोक होतं, सुईच्या टोकाएवढं. पानातून हळदीचा वास येत होता.

करिष्मा दारात होती. तिनं पाहिलं. तिच्या तोंडून एवढंच आलं, "माय."

समतानं पेन उघडलं. अंगठ्याच्या शेजारी तिनं नीट अक्षरात लिहिलं, जनकाबाई, सफाई कामगार, पिवळ्या पिशवीतील सुई, उजवा अंगठा. त्याखाली आठ लिहिलं.

"लिहू नका, सिस्टर," डॉक्टर म्हणाले.

तेच शब्द होते. तोच स्वर.

"आता लिवतोच, सर," समता म्हणाली. "तवाच लिवाले पायजे होतं." आणि तिनं आठव्या क्रमांकापुढं त्यांचं नाव लिहिलं, उजवा अंगठा लिहिलं, आणि पान मॅडमपुढं सहीला सरकवलं. मग खिशातल्या कागदाचे चार तुकडे करून सुक्या कचऱ्याच्या काळ्या डब्यात टाकले, कारण कागद तिथंच जातो.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. खड्डा उकरला गेला, नोटीस आली, दंड झाला, हरित रुग्णालयाची पाटी आली नाही. डॉक्टर सुटले, असली माणसं सुटतातच, दवाखाना चालू राहिला. समताला काढायची आता त्यांची छाती नव्हती. पण गाडी एक दिवसाआड यायला लागली. जाड मोजे आले, तो पुढचा महिना एकदाचा उजाडला. करिष्माला लसीची पहिली सुई टोचली तेव्हा समतानं स्वतः टोचली आणि वहीत लिहिली. नोंदीची नक्कल जोडून भरपाईचा अर्ज पुन्हा गेला. आणि पिशव्यांच्या गाठी थांबल्या. सकाळी खोली उघडली की पिशव्या आदल्या संध्याकाळी ठेवल्या तशाच असायच्या. समताला हायसं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं चुकल्याचुकल्यासारखंही व्हायचं.

डॉक्टरांना काही झालं नव्हतं. त्यांची लस कधीचीच पूर्ण झालेली, रक्त तीनदा तपासून झालं, तिन्ही वेळा स्वच्छ. अंगठ्यावरचा पिवळा डाग तेवढा जात नव्हता. साबण झाला, स्पिरिट झालं, कशानं जाईना. आणि रोज सकाळी ते कुणाला तरी खिडकीपाशी बोलावून घ्यायचे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी समताची पाळी आली.

"सिस्टर, माझे डोळे बघा जरा."

समतानं उजेडात निरखून पाहिलं. "पांढरे आहेत, सर. काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

ते खुर्चीत बसले. अंगठा रुमालानं पुसत राहिले. "इथं हळदीचा वास येतोय का हो?"

समताला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून ती काही बोलली नाही. जायला वळली तेव्हा तिची नजर खुर्चीमागच्या डब्यावर गेली. सुक्या कचऱ्याचा डबा, त्यात रोज काळी पिशवी असायची. आज पिवळी होती. नवी, रिकामी, तोंड बाहेरच्या बाजूला दोन बोटं दुमडून नीट लावलेली.

बाहेर करिष्मा व्हरांडा पुसत होती.

"सरांच्या खोलीत पिवळी पिशवी तू लावली का वं?"

"नाई, सिस्टर. माय गेल्यापासून मी त्या खोलीत पायच नाई ठेवला."

समता परत फिरली. डॉक्टर खिडकीकडं तोंड करून, आरशात खालची पापणी ओढून पाहत होते. तिनं आवाज न करता डब्यात वाकून पाहिलं.

पिशवीच्या तळाशी चिमूटभर हळद होती.